टीव्हीला सांगा, समोर कॉम्प्युटर आहे

लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली, दुसरं टोक टीव्हीला लावलं, रिमोटने सोर्स बदलला की चित्र येतं, इथपर्यंत कुणालाच फारशी अडचण येत नाही. खरी कटकट त्यानंतर सुरू होते. खालचा टास्कबार अर्धा कापलेला, अक्षरं वाचून डोळे दुखायला लागतात, काळा रंग राखाडी दिसतो, माउस हलवला की बाण जरा उशिराच सरकतो. मग लोक केबल बदलतात, महागातली आणतात, तरी तेच. कारण बहुतेक वेळा केबलमध्ये काहीच बिघाड नसतो आणि टीव्हीसुद्धा चांगलाच असतो, फक्त टीव्हीला वाटत असतं की आपल्याकडे एखादा कार्यक्रम आलाय आणि तो छान दिसावा म्हणून आपण त्याच्यावर थोडं काम करायला पाहिजे. कॉम्प्युटरला हवं असतं ते बरोबर उलटं, मी पाठवलेला प्रत्येक ठिपका आहे तसा दाखव, बाकी काही करू नको.

हे भांडण जुनं आहे. १९७० च्या दशकात कॉम्प्युटर घरात यायला लागले तेव्हा वेगळा मॉनिटर घेणं महाग पडायचं आणि टीव्ही तर आधीपासूनच असायचा. १९७३ साली डॉन लँकेस्टर यांनी अमेरिकेतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात टीव्ही टाइपरायटरची माहिती दिली, कीबोर्डवर टाइप करायचं आणि अक्षरं टीव्हीवर उमटायची, एका ओळीत ३२ आणि अशा १६ ओळी. १९७७ च्या अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरमध्ये ओळीत ४० अक्षरं होती. ४० च का, तर टीव्हीच्या पडद्यावर एक आडवी रेघ काढायला जेमतेम ५२ मायक्रोसेकंद मिळायचे आणि अमेरिकन प्रसारणात उजेड-अंधाराची माहिती साधारण ४.२ मेगाहर्ट्झमध्ये बसवावी लागायची, हिशोब केला तर एका रेघेत ४४० च्या आसपासच ठिपके वेगवेगळे दिसू शकतात. एका अक्षराला ७ ठिपके धरले तर ४० अक्षरांना २८० लागतात, ते आरामात बसतात, पण ८० अक्षरं करायची तर ५६० लागणार आणि मग अक्षरं एकमेकांत मिसळणार. त्यातही अँटेनाच्या जागी वायर खोचायची म्हणजे कॉम्प्युटरला आपलं चित्र रेडिओ लहरीच्या रूपात एखाद्या चॅनेलवर टाकावं लागायचं, म्हणजे चक्क छोटंसं टीव्ही स्टेशन असल्यासारखं वागावं लागायचं. टीव्हीने त्याला स्टेशन समजणं तेव्हा बरोबरच होतं. ती समजूत अजून पूर्ण गेलेली नाही, सगळा घोळ तिथेच आहे.

एचडीएमआयचं पहिलं स्पेसिफिकेशन डिसेंबर २००२ मध्ये आलं. कनेक्टरमध्ये १९ पिना असतात आणि चित्र त्यातल्या काही पिनांमधून जातं, बाकीच्या बहुतेक पिना दोघांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. केबल लावली की कॉम्प्युटर १८ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट देतो, टीव्ही १९ नंबरच्या पिनवरून कळवतो की हो, मी आहे. मग कॉम्प्युटर १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून टीव्हीमधल्या एका छोट्या चिपमधली माहिती वाचतो, तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा, पण त्यात कंपनीचा तीन अक्षरी कोड, टीव्ही कधी बनला ते वर्ष, पडदा किती सेंटीमीटरचा आहे आणि कुठलं रिझोल्युशन सगळ्यात जास्त पसंत आहे एवढं सगळं असतं. ही माहिती वाचूनच विंडोज किंवा लिनक्स ठरवतं की १९२० बाय १०८० पाठवायचं की अजून काही. कधी केबल लावूनही टीव्ही डिटेक्टच होत नाही किंवा भलतंच रिझोल्युशन येतं तेव्हा बऱ्याचदा हे वाचन फसलेलं असतं, केबल काढून परत नीट लावली की पिना परत बोलतात आणि काम होतं.

आता कापलेल्या कडा. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये चित्राचा आकार व्होल्टेज आणि ट्यूबच्या वयाप्रमाणे कमीजास्त व्हायचा, कडेला काळी पट्टी दिसू नये म्हणून चित्र मुद्दाम पडद्यापेक्षा थोडं मोठं काढायचे. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्यात याची काहीच गरज नाही, प्रत्येक ठिपक्याची जागा ठरलेली आहे, तरी बरेच टीव्ही अजूनही सवयीने चित्राच्या कडा कापतात. आणि नुसतं कापून थांबत नाहीत. समजा रुंदी-उंची दोन्हीत ५ टक्के कापलं, तर उरलं १८२४ बाय १०२६, ते परत ताणून १९२० बाय १०८० करायचं, म्हणजे एकही ठिपका आपल्या मूळ जागी राहत नाही, प्रत्येक ठिपका शेजाऱ्यांची सरासरी काढून बनतो. सिनेमात हे कळतसुद्धा नाही पण अक्षराची बारीक रेघ एक-दोन ठिपक्यांचीच असते, ती लगेच भुरकट होते. म्हणजे कापलेला टास्कबार आणि पुसट अक्षरं हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीत, एकच आहे. उपाय टीव्हीच्या मेनूमध्ये चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये असतो, कुठे त्याला जस्ट स्कॅन म्हणतात, कुठे स्क्रीन फिट, कुठे फुल पिक्सेल. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र लहान करणारे बरेच जण आहेत, कृपया तसं करू नका, कारण मग कॉम्प्युटर एकदा आकसतो आणि टीव्ही एकदा ताणतो, कडा दिसतात पण अक्षरं दुप्पट बिघडतात.

तरीही अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर शार्पनेस बघा. नावावरून वाटतं की जास्त ठेवला तर जास्त स्पष्ट दिसेल, पण या सेटिंगने चित्रात नवीन तपशील येत नाही, फक्त जिथे उजेड आणि अंधार भेटतात तिथला फरक वाढवला जातो, प्रसारणातून आलेल्या मऊ चित्राला ते बरं असतं. कॉम्प्युटरची अक्षरं आधीच टोकदार असतात. बहुतेक टीव्हींवर शार्पनेस शून्याकडे नेला की किनार जाते.

रंगांचं प्रकरण अजून खोल आहे. आपल्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चांगला कळतो, रंगातला बारीक फरक तेवढा कळत नाही, याचा फायदा घेऊन व्हिडिओमध्ये उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतात आणि रंगाची माहिती चार ठिपक्यांच्या चौकोनाला मिळून एकदाच देतात. चार ठिपक्यांना एरवी प्रत्येकी ३ असे १२ आकडे लागले असते तिथे ४ उजेडाचे आणि २ रंगाचे अशा ६ मध्ये भागतं, अर्धा डेटा वाचला. याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात आणि व्हिडिओसाठी ही खरोखर हुशारीची युक्ती आहे. पण काळ्यावर लाल अक्षरं किंवा निळ्यावर जांभळी अशी रंगीत अक्षरं असली की रंग शेजारच्या ठिपक्यांवर सांडतो आणि वाचवत नाही. कॉम्प्युटरने पूर्ण रंग पाठवले तरी काही टीव्ही आतमध्ये स्वतःच ते कमी करतात कारण त्यांची चित्र सुधारणारी यंत्रणा तशीच बनवलेली असते.

राखाडी काळ्याचं कारण साधं आहे. व्हिडिओच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५, कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. पाठवणारा एक धरून चालला आणि घेणारा दुसरं, की एकतर सगळं फिकट दिसतं नाहीतर सावलीतलं सगळं काळ्यात बुडतं. दोन्हीकडे एकच रेंज ठेवा, कुठली ते तेवढं महत्त्वाचं नाही.

आणि माउसचा उशीर. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं येत असताना, एक चित्र किंवा फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची, टीव्हीला हालचाल गुळगुळीत करण्यासाठी दोन फ्रेमच्या मधली नवीन फ्रेम बनवायची असेल तर पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं, त्यावर बाकीच्या सुधारणा. हे साठत साठत शंभर मिलिसेकंदांच्या आसपासही जाऊ शकतं आणि तेवढा उशीर हाताला लगेच जाणवतो.

वाईट याचं वाटतं की एचडीएमआयमध्ये हे सगळं टाळायची सोय आहे. चित्रासोबत एक छोटी माहितीची चिठ्ठी जाते, त्यात 'हा कॉम्प्युटरचा मजकूर आहे' असं सांगणारा एक बिट आहे, १.४ व्हर्जनपासून तर ग्राफिक्स, फोटो, सिनेमा की गेम हेही सांगता येतं. पण सगळे कॉम्प्युटर ते नीट भरत नाहीत आणि सगळे टीव्ही ते वाचून वागत नाहीत. म्हणून आपल्याला हाताने सांगावं लागतं. काही टीव्हींवर इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं किंवा त्याचं आयकॉन पीसीचं निवडलं की टीव्ही खरंच वेगळा वागायला लागतो, कडा कापणं बंद, रंग पूर्ण, सुधारणा बऱ्याचशा बंद. नाव बदलण्याने चित्र सुधारतं यावर विश्वास बसत नाही पण आधी हेच करून बघा. तशी सोय नसेल तर गेम मोड लावा, त्याने निदान उशीर तरी कमी होतो.

फोर के, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा टीव्ही असेल तर अजून एक बघायचं. एचडीएमआय १.४ मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जातात, फोर के पूर्ण रंगात ६० हर्ट्झला पाठवायचं तर १७.८२ लागतात, ते २.० च्या १८ मध्ये बसतात. म्हणून जुना लॅपटॉप फोर केला ३० हर्ट्झवरच अडकतो आणि बाण उड्या मारत चालतो. त्यापेक्षा १०८० वर ६० हर्ट्झ घ्या, मला तरी तेच बरं वाटतं. टाइप-सी पोर्टबद्दलही सावध राहा, प्रत्येक टाइप-सी मधून चित्र निघतंच असं नाही.

वायरलेसमध्ये दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात. मिराकास्टसारख्या पद्धतीत तुमचा अख्खा पडदा सतत व्हिडिओ म्हणून दाबून पाठवला जातो, म्हणजे रंगाची काटछाट आली, उशीर आला, अक्षरं परत भुरकट. कास्ट बटण दाबून एखादा ऑनलाइन व्हिडिओ लावला तर बहुतेक वेळा कॉम्प्युटर फक्त पत्ता देतो आणि टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून तो खेचतो, त्यात लॅपटॉपचा काही भार नाही आणि चित्रही चांगलं. सिनेमा लावायचा असेल तर कास्ट करा, वाचायचं-लिहायचं असेल तर केबलच.