ओट्सच्या वाटीत साखरेऐवजी सुगंध

इंदूरची सकाळ म्हणजे वाफेवर गरम राहिलेले पोहे, त्यांतून येणारा बडीशेपेचा वास, वर शेव आणि भुरभुरलेले जीरावन, म्हणजे तिथला चटकदार कोरडा मसाला. या चवीवर वाढलेल्या माणसाला कोलेस्टेरॉल किंवा रक्तातील साखरेच्या काळजीपोटी ओट्स सुरू करावे लागले, की पहिली तक्रार होते ती बेचवपणाची, आणि पहिला उपाय सुचतो तो साखरेचा. दोन चमचे साखर, वर मध, शिवाय मूठभर बेदाणे, असे होत गेले की ज्यासाठी ओट्स आणले तेच बाजूला राहते. तक्रार खरी आहे, यात शंका नाही. मात्र ती दूर करण्यासाठी साखरेची गरज नाही, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग जिभेवर नव्हे, तर नाकात ठरतो.

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो किंवा मशरूममध्ये जाणवणारी रुचकर चव) एवढ्या मोजक्याच चवी ओळखते. वेलची, दालचिनी किंवा भाजलेले जिरे यांची ओळख पटते ती घास चावताना आणि गिळताना घशाच्या मागून नाकात चढणाऱ्या सुगंधी रेणूंमुळे. सर्दी झाली की सगळे जेवण सपक लागते ते म्हणूनच. त्यातही मेंदू गंध आणि चव यांची सांगड घालत असतो. गोड पदार्थांत नेहमी भेटणारा व्हॅनिलासारखा वास आला, की तेवढीच साखर अधिक गोड भासते. आपल्या घरात हे काम वेलची, जायफळ आणि केशर यांच्याकडून सहज करून घेता येते.

ओट्स सपक लागण्यामागे त्यांचा गुणच कारणीभूत आहे. त्यांतील बीटा-ग्लुकान हा विद्राव्य तंतू पाण्यात फुगून दाट, बुळबुळीत द्रव तयार करतो. रोज सुमारे ३ ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते, आणि याच आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा छापण्यास परवानगी दिली. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समधून यातील साधारण निम्मा वाटा मिळतो. पण हाच दाटपणा मीठ, साखर आणि सुगंधी रेणू यांना जखडून ठेवतो, त्यामुळे शिजताना घातलेला मसाला खाताना फिका लागतो. म्हणून मीठ शेवटी, तेही वरून भुरभुरावे. जिभेला ते थेट भेटते आणि थोडक्यात भागते. वाटी गरम असतानाच खावी, कारण उष्णतेने सुगंध अधिक उडतो आणि गोडवाही अधिक जाणवतो.

पाणी घालण्यापूर्वी ओट्स मंद आचेवर कोरडे भाजून घेणे ही मला सर्वांत मोलाची युक्ती वाटते. भाजताना अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात जी अभिक्रिया होते, तिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये केले. शेंगदाणे किंवा रवा भाजताना घरभर पसरणारा खमंगपणा हा तिचाच परिणाम. ओट्समध्ये गव्हापेक्षा स्निग्धांश बराच जास्त असल्याने ते जुने झाले की खवट, कडवट होतात, आणि अशा ओट्सना कोणताही मसाला वाचवू शकत नाही. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि खरेदी बेताची.

मराठी स्वयंपाकघराचे खरे सामर्थ्य फोडणीत आहे. जिरे, हिंग, कढीपत्ता यांतील बहुतेक सुगंधी द्रव्ये पाण्यात नीट विरघळत नाहीत, तुपातेलात विरघळतात. फोडणीच्या पळीत अर्धा चमचा तूप तापवावे, जिरे टाकताच ते फुलून तपकिरी होऊ लागले की चिमूटभर हिंग आणि चिरलेली मिरची घालावी, आणि जिरे काळे पडण्याआधी ती फोडणी शिजलेल्या ओट्सवर ओतून लगेच झाकण ठेवावे, म्हणजे वास वाटीतच राहतो. त्यावर एक चमचा मेतकूट घातले, तर मऊ भाताशी जुळणारी ती चव ओट्सशीही तितकीच जुळते, शिवाय भाजलेल्या डाळींची प्रथिनेही मिळतात. कारळ्याची किंवा जवसाची चटणी हाही उत्तम पर्याय आहे. जवस मात्र कुटलेलेच हवेत, कारण अख्खे दाणे बरेचदा न पचताच बाहेर पडतात.

जीरावन घालायलाही हरकत नाही, फक्त त्यात काळे मीठ असते हे धरून वेगळे मीठ टाळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मसाला ओट्सच्या तयार पाकिटांवर सोडियमचा, म्हणजे मिठातील मुख्य घटकाचा आकडा छापलेला असतो. तो वाचूनच पाकीट घ्यावे.

गोडच हवे असेल, तर पूर्ण पिकलेले केळे कुस्करून घालावे. पिकताना त्यातील स्टार्चची साखर झालेली असते आणि तंतूही सोबत येतात. एखादा खजूर चालेल. गूळ आणि मध आरोग्यदायी म्हणून हात सैल सोडण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्याच २०१५ च्या मार्गदर्शनानुसार तेही साखरेतच मोजायचे असतात, आणि दिवसाची मर्यादा शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे हिताचे मानले जाते. दालचिनी रोज घालणाऱ्यांनी चिमटीएवढीच घालावी. जाड सालीच्या कॅशिया जातीत कूमारिन हे नैसर्गिक द्रव्य अधिक असते आणि ते फार प्रमाणात यकृताला अपायकारक ठरू शकते.

तिखट वाटीवर लिंबू पिळावे किंवा आवळा किसून घालावा, पण गॅस बंद केल्यावर. क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. ते टिकले, तर ओट्समधील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.