सुरुवातीच्या हाताची निवड (ऑनलाइन पोकर)

टेक्सस होल्डेम या पोकरप्रकारात प्रत्येकाला आधी दोन झाकलेले पत्ते मिळतात. त्यांवर डावात उतरायचे की ते टाकून द्यायचे, हा खेळातला पहिला निर्णय. त्यालाच सुरुवातीच्या हाताची निवड म्हणतात. या नोंदीत विचार आहे तो ऑनलाइन कॅश टेबलांच्या सर्वांत खालच्या पायऱ्यांचा : ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंनी लावायच्या सक्तीच्या रकमा, स्मॉल आणि बिग; पुढे मापासाठी नुसते ‘ब्लाइंड’ म्हटले तर बिग ब्लाइंडच) ०.०१/०.०२ ते ०.१०/०.२५ डॉलर, टेबलाला सहा खेळाडू आणि प्रत्येकापुढे साधारण १०० बिग ब्लाइंडांचा स्टॅक, म्हणजे लावायला असलेला पैसा. या पायऱ्यांवर हरणाऱ्यांचे बरेचसे पैसे रिव्हरवरच्या, म्हणजे शेवटच्या उघड्या पत्त्यावरच्या, चुकांआधीच, टाकून द्यायचे हात खेळल्यामुळे गेलेले असतात.

५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या १,३२६ जोड्या होतात. नेमका कुठला रंग हा भेद बाजूला ठेवला तर त्यांचे १६९ प्रकार उरतात : १३ पेअर म्हणजे सारखे दोन पत्ते, ७८ सूटेड म्हणजे एकाच रंगाचे आणि ७८ ऑफसूट. प्रत्येक पेअर ६ तऱ्हांनी येते, सूटेड हात ४ आणि ऑफसूट १२ तऱ्हांनी. त्यामुळे एक्का-राजा मिळून १६ तऱ्हांनी येतो, एक्क्यांची पेअर फक्त ६ तऱ्हांनी, म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. ही मोजणी पुढच्या अंदाजांनाही उपयोगी पडते. आपल्या हातात एक्का आणि राजा असतील, तर समोरच्याकडे एक्क्यांची पेअर असण्याच्या तऱ्हा ६ वरून ३ वर येतात. राजांच्या पेअरच्याही तेवढ्याच उरतात.

तीन पत्तीवर वाढलेल्या खेळाडूला इथे डोळ्यांची सवय बदलावी लागते. तीन पत्तीत वाटलेला हात पुरा असतो. होल्डेममध्ये तो सातांतले दोन पत्ते असतो; उरलेले पाच सर्वांसाठी टेबलावर उघडतात, आधी तीन (फ्लॉप), मग एकेक. ‘रंग जमलाय’ म्हणून बदामची राणी आणि बदामची तिर्री खेळणे ही नवख्यांची सर्वांत महाग सवय आहे. सूटेड हाताला फ्लॉपवरच फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) लागण्याची शक्यता ०.८४ टक्के, आणि पाचही पत्ते उघडेपर्यंत सुमारे ६.४ टक्के. बाकी वेळा हातात फार तर राणीची एक पेअर आणि सोबतीला कामाचा नसलेला पत्ता उरतो. पेअर नसलेल्या कुठल्याही हाताचा निदान एक पत्ता फ्लॉपवर जुळण्याची शक्यता तिनात एकच आहे, म्हणून जुळल्यावर तो हात किती टिकेल हेच आधी पाहायचे.

टिकाऊपणाचा प्रश्न छोट्या टेबलांवर अधिक तीव्र होतो. तिथे लोक कॉल (समोरच्याएवढी रक्कम लावणे) फार करतात आणि पुन्हा रेज (रक्कम वाढवणे) फार कमी करतात. राजा-गुलाम ऑफसूट घेऊन उतरलेल्याला गुलामाची पेअर लागते आणि समोरून एक्का-गुलाम शांतपणे तीन वेळा कॉल करतो. एकाच वरच्या पत्त्याचे दोन हात भिडले, समजा एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी, तर वरचढ हात चारांत सुमारे तीन वेळा जिंकतो. म्हणून कॉल करणाऱ्यांपुढे मोठ्या पत्त्यांचे वरचढ हात पुढे सरकवायचे आणि दबून जाणारे हात सोडून द्यायचे. छोट्या पेअरींचा हिशेब निराळा. त्यांना फ्लॉपवर सेट (तीन सारखे पत्ते) साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतो. म्हणून समोरच्याचा स्टॅक कॉलच्या निदान १५-२० पट असावा, असा खेळाडूंमध्ये ठोकताळा आहे.

जागेइतका, म्हणजे बोलण्याच्या क्रमाइतका, निर्णायक घटक दुसरा नाही. पहिल्या जागेवरून साधारण सहा हातांत एक खेळणारा चांगला खेळाडू बटनवरून (फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी बोलण्याची जागा), सगळ्यांनी टाकले असतील तर, चाळीस टक्क्यांहून अधिक हात उघडतो. पत्ते तेच असले तरी बटनवाल्याला फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सगळ्यांचे पाहून बोलता येते. एक्का-नव्वी ऑफसूट पहिल्या जागेवर फेकण्याजोगी, बटनवर सरळ रेज.

कुठले हात खेळायचे याचे तक्ते पाठ करणारे बहुतेक जण रेक विसरतात. साइट प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या रकमेतून) बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास कापते. त्यावर वरची मर्यादा असते, पण छोट्या पॉटना ती क्वचितच लागू होते. त्यामुळे प्रमाणाने सर्वांत जड रेक याच टेबलांवर बसतो. बहुतेक साइटवर फ्लॉप उघडला नाही तर रेक नसतो. बटनने ३ ब्लाइंडांना रेज केले, स्मॉल ब्लाइंडने कॉल केला आणि बिग ब्लाइंड गेला, तर पॉट ७ ब्लाइंडांचा. ५ टक्क्यांनी ०.३५ ब्लाइंड कापले जातात. असे शंभर फ्लॉप पाहिले की, पुढे एकही पैसा न लावता, दोघांतून ३५ ब्लाइंड साइटकडे गेले. म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून थ्री-बेट (रेजवर पुन्हा रेज) करावे किंवा हात टाकावा. नुसता कॉल क्वचितच परवडतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्लुरिबस हा सहा खेळाडूंच्या टेबलावर खेळणारा प्रोग्रॅम जाहीर केला. तो माणसांचे डाव न पाहता स्वतःशीच खेळून शिकला, आणि स्मॉल ब्लाइंड वगळता कुठल्याही जागेवरून लिंप करणे (रेज न करता नुसता बिग ब्लाइंड भरून उतरणे) तोट्याचे, या जुन्या समजुतीला त्याने दुजोरा दिला. छोट्या टेबलांवर मात्र लिंप सर्रास चालतो. एकाने लिंप केले की चौघे स्वस्तात फ्लॉप पाहतात. एक्क्यांची पेअर एका अनोळखी हाताविरुद्ध ८५ टक्के जिंकते, चार हातांविरुद्ध सुमारे ५६ टक्के. त्यामुळे लिंप करणाऱ्यावर ४ ब्लाइंडांचे रेज टाकून त्याला एकटे पाडणे हा इथला नेहमीचा उपाय.

भारतात अशी पैशांची टेबले आता कायद्याने बंद आहेत. ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्य की नशीब हा भेद न करता त्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंदीखाली आणले. गोव्यातील कॅसिनोंचा परवाना राज्याच्या वेगळ्या कायद्याखाली चालतो, पण तिथे रेक आणि डावांचा वेग निराळा असल्याने वरची गणिते जशीच्या तशी लागू होत नाहीत.

फार आवळून खेळणेही महागात पडते. सहाच्या टेबलावर सहा डावांच्या प्रत्येक फेरीत दीड ब्लाइंड द्यावेच लागतात. सगळेच हात टाकणारा शंभर डावांत २५ ब्लाइंड हरतो. ही गळती भरून काढायची मुख्य जागा म्हणजे बिग ब्लाइंडचा बचाव. समोरून अडीच ब्लाइंडांचे रेज आले आणि स्मॉल ब्लाइंड गेला, तर साडेपाचच्या पॉटसाठी दीड ब्लाइंड घालावे लागतात, म्हणजे सुमारे २७ टक्के वाटा पुरतो. कागदावर जवळजवळ कुठलेही दोन पत्ते तेवढे गाठतात. पण आधी बोलावे लागत असल्याने तो वाटा पुरता हाती येत नाही आणि रेकही जातो. त्यामुळे राजा-दुर्री सूटेडला कॉल असतो, राजा-दुर्री ऑफसूट बटनच्या रेजपुढेही टाकली जाते.