एकाच अक्षांशावरचे आकाश : सांगली–सातारा

एखाद्या ठिकाणाहून कोणते तारे दिसणार हे तिथला अक्षांश ठरवतो. रेखांशाने फक्त वेळ मागेपुढे होते. सांगली 16.85° उत्तरेला आहे आणि प्राचीन कुश राज्याची राजधानी मेरोए (आजचे सुदान) 16.94° वर. त्यामुळे सांगलीत मावळलेला तारा पावणेतीन तासांनी मेरोएत मावळतो, एवढाच काय तो फरक. मेक्सिकोतले माया संस्कृतीचे प्राचीन शहर पालेंके साताऱ्याच्या (17.68°) किंचित दक्षिणेला येते.

अलेक्झांड्रियातला प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी याने अक्षांशांचे पट्टे सर्वांत मोठ्या दिवसाच्या लांबीवरून आखले. मेरोएच्या पट्ट्याला त्याने 13 तास दिले. सांगलीचा जूनमधला दिवसही तेवढाच, फार तर काही मिनिटांनी मोठा. मेरोएत वर्षातून दोनदा सावली नाहीशी होते असे प्राचीन रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे. हाच आपला शून्य सावली दिवस. सांगली-साताऱ्यात तो मेच्या पूर्वार्धात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येतो; ऑगस्टमधला बहुधा पावसातच जातो.

अक्षांश तोच असला तरी आकाश मात्र जसेच्या तसे राहिलेले नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा घेतो. 2,000 वर्षांपूर्वी आजचा ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून (आकाश ज्या बिंदूभोवती फिरताना दिसते त्यापासून) सुमारे 12° दूर होता, म्हणजे ‘अढळ’ मुळीच नव्हता. पण हा बदल सगळ्या ताऱ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. कराडजवळ आगाशिवची लेणी खोदली गेली त्या काळात अगस्ती हा तारा आणि त्रिशंकू (सदर्न क्रॉस) या तारकासमूहाचा सर्वांत दक्षिणेकडचा तारा, दोघेही इथल्या दक्षिण क्षितिजावर वीसेक अंश चढत. अगस्ती आजही तेवढाच चढतो. त्रिशंकूचा तो तारा मात्र सांगलीत जेमतेम 10° वर येतो. अलेक्झांड्रियात टॉलेमीला तो दिसत होता, आज तिथून दिसत नाही.

मेच्या पूर्वार्धात रात्री दहाच्या आसपास त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो. हात लांब करून मूठ धरली की तिच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत साधारण 10° भरतात; त्याचा तो खालचा तारा क्षितिजापासून एवढाच वर असतो. एवढ्या खाली शहरातले दिवे, धुरळा आणि वळवाचे ढग आड येतात. त्यामुळे सांगलीकराने गावाबाहेर मोकळ्या माळावर जावे आणि सातारकराने दक्षिणेला डोंगर नसलेली जागा गाठावी, कारण तिथे त्रिशंकू आणखी अंशभर खाली असतो.