कोल्हापूरच्या मंडळीत आगमनकाळ आला कुठून?

नोव्हेंबर सरत आला की कोल्हापुरातल्या चर्चमध्ये आगमनकाळाची, म्हणजे अ‍ॅडव्हेंटची, पहिली मेणबत्ती पेटते. नाताळाआधीचे चार रविवार दर वेळी एक मेणबत्ती वाढते. बहुतेक ठिकाणी आशा, शांती, आनंद आणि प्रीती अशी त्यांची नावे असतात. छोट्या मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या सभासदांत, वाढलेल्या कुणालाही वाटेल की हे सारे मिशनरी साहेबांनीच सोबत आणले असणार. पण इथे पहिली मंडळी ज्यांनी उभी केली, त्यांच्या परंपरेत आगमनकाळ पाळतच नसत.

रॉयल गुल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. वायल्डर मेमोरियल चर्चला नाव मिळाले ते त्यांचेच. ते मूळचे न्यू इंग्लंडमधल्या व्हरमाँटचे. तिथल्या प्युरिटन वळणाच्या लोकांचा साधा हिशेब होता: बायबलने जो सण सांगितला नाही तो मंडळीवर लादायचा नाही. प्रभूचा दिवस रविवार, तेवढा पुरे. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ साली उठला, पण नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळायला १८५६ साल उजाडले. तोवर वायल्डर कोल्हापुरात शाळा चालवत होते. १८७० साली त्यांचे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले, आणि त्या पंथातही सणांच्या बाबतीत जुना संकोच होताच.

मग आगमनकाळ आला कसा? एक वाट इंग्लंडची. अँग्लिकन पंथाच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) या मिशननेही १८७० च्या दशकात कोल्हापुरात काम धरले. त्यांच्या प्रार्थनापुस्तकात चर्चचे वर्षच आगमनकाळापासून सुरू होते. त्या आठवड्यांत ख्रिस्ताच्या जन्माची वाट पाहायची आणि त्याच्या पुनरागमनाचीही. जांभळा रंग, पश्चात्तापाची प्रार्थना, संदेष्ट्यांची वाचने. एकाच शहरात एक मंडळी डिसेंबर असा धरायची आणि दुसरीला त्याचे काही वाटायचे नाही.

दुसरी वाट घराघरांतली, आणि माझ्या मते तीच अधिक खोल गेली. दिवाळी, पाडवा, जत्रा मागे ठेवून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना वर्षाचा एक मोठा सण हवाच होता. आजही आगमनकाळातल्या एखाद्या दुपारी चार घरच्या बायका एका घरी जमतात. एकजण पाऱ्या लाटते, दुसरी खोबऱ्याचे सारण भरते, तिसरी कड दाबून कातण फिरवते आणि करंज्या ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते. शंकरपाळ्या कापायचे काम मुलांकडे. हा फराळ कुठल्याही मिशनने शिकवलेला नाही. गाण्याचेही तसेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंगांची वाट मराठी मंडळ्यांना मोकळी करून दिली. पेटी, ढोलकी आणि टाळ यांवर जन्माची गीते म्हणताना आपण परक्या घरी आलो आहोत असे कुणाला वाटत नाही, याचे मोठे श्रेय त्यांना आहे.

अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हे दोन प्रवाह कागदोपत्री एक झाले ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी. नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते आणि प्रेस्बिटेरियन वारसा चालवणारे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियाही होते. त्या वर्षी तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. एकेकाळी ज्या पंथाला हा काळच नको होता, त्याचे लोक ऐक्यात आले ते त्याच्याच पहिल्या दिवशी. मला या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मेणबत्त्यांचे चक्र मात्र या साऱ्याहून वेगळ्या ठिकाणचे आहे. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखेर्न हे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवत होते. नाताळ कधी, नाताळ कधी, असे मुले विचारत राहायची. त्यांनी गाडीच्या चाकावर रविवारांसाठी चार मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या, म्हणजे मुलांनी स्वतःच दिवस मोजावेत. पुढे लहान मेणबत्त्या गळाल्या आणि चार उरल्या.

कडक शिस्तीने पाहिले तर जन्माची गीते २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत थांबायला हवीत. आपल्याकडे ती कितीतरी आधी सुरू होतात आणि त्यात मला काही चुकीचे दिसत नाही. मंडळी लहान असली तरी तिची घरे शाहूपुरीपासून कसबा बावडा, कदमवाडी, उचगावपर्यंत विखुरलेली असतात. तरुण संघाला कामावरून सुटल्यावर रात्रीच गीते गात घरोघर फिरता येते. प्रत्येक घरी गीत, वाचन, प्रार्थना आणि चहा होतोच, आणि आजारी माणसाच्या घरी जरा जास्त वेळ बसावे लागते. मंडळीच्या पंचांच्या यादीतली सगळी घरे एका रात्रीत होत नाहीत, म्हणून गीते आधीच सुरू करावी लागतात.