माळ कोणाच्या हातची, अनुग्रह कोणाचा?

‘तुमचे गुरू कोण?’ असं विचारलं की आमच्याकडचे निम्मे माळकरी, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ घालणारे वारकरी, ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांचं नाव सांगतात. अगदीच चूक म्हणवत नाही. पण माळ घालणं वेगळं आणि अनुग्रह, म्हणजे गुरूंकडून मंत्र, घेणं वेगळं. इथे गल्लत झाली की कुणाला किती आणि कसा मान द्यायचा, यातही होते.

माळ घालतात ती पंढरपूरला, आळंदीला, देहूला, नाहीतर गावच्या सप्ताहात. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची आणि एखाद्या जाणत्या वारकऱ्याने ती उचलून गळ्यात घालायची. त्या वेळी जे कबूल करायचं ते पांडुरंगाला: मांस-मद्य सोडलं, एकादशी धरली, हरिपाठ म्हणेन, वारी चुकवणार नाही. महाराज त्याला साक्षी.

माझ्या आजोबांची माळ एकदा आंघोळ करताना तुटली. ओलेत्यानेच न्हाणीत बसून मणी वेचत होते. एक मोरीच्या जाळीत अडकला, तो काढायला सुई मागवली. आजीनं भाकरी वाढून ठेवलेली, पण गळ्यात माळ नाही तर तोंडात घास नाही. शेवटी दोऱ्यात ओवली, विठोबाच्या तसबिरीला टेकवली, गळ्यात घातली आणि मग जेवायला बसले. ज्यांनी पहिल्यांदा माळ घातली ते महाराज जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यावाचून काही अडलं नाही.

अनुग्रहात मात्र गुरूवाचून सगळंच अडतं. मंत्र त्यांनी द्यायचा, बरेचदा कानात, आणि साधना त्यांनी सांगितली तशीच करायची. म्हणून तिथे पाद्यपूजा आणि पादुका यांना अर्थ आहे. गोंदवलेकर महाराजांनी १९१३ मध्ये देह ठेवला, पण गोंदवल्याला आजही अनुग्रह त्यांच्याच नावाने मिळतो. हात कुणाचाही असो, गुरू महाराजच.

वारकऱ्यांत गुरू नसतो असं मात्र कुणी समजू नये. ज्ञानदेवांना निवृत्तिनाथ, नामदेवांना विसोबा खेचर, एकनाथांना जनार्दनस्वामी. तुकोबांना बाबाजींनी स्वप्नात मंत्र दिला, आणि तुकोबांनी तो अभंगातच सांगून टाकला: ‘मंत्र दिला रामकृष्ण हरि’. गुपित राहिलंच नाही, म्हणून आज वारीत कुणीही तो मोठ्याने म्हणतो. काही फडांवर, म्हणजे एकेका महाराजांच्या परंपरेतल्या वारकरी मंडळींत, माळ आणि उपदेश एकाच महाराजांकडून मिळतो. तिथे दोन्ही नाती एकाच माणसाशी, मग फडाची शिस्त पाळावी.

एरवी माळ घालणाऱ्या महाराजांना नमस्कार आणि नारळ पुरे. तुम्ही पायाला हात लावलात की तेही वाकतील; अवघडून जाऊ नका, ती रीतच आहे. त्यांचे पाय धुऊन पूजा करायचा हट्ट धरू नये. कीर्तनकाराचं आणखी तिसरंच. तो मान नारदाच्या गादीचा, म्हणजे कीर्तनाला उभं राहायच्या जागेचा. विशीतल्या पोराच्या पायावर सत्तरीचे आजोबा डोकं ठेवतात, आणि कीर्तन संपवून पोरगा गादीवरून उतरला की तो आजोबांच्या पाया पडतो. बिदागीच्या पाकिटाबद्दल विचाराल तर ‘जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें’ म्हणणाऱ्या तुकोबांनी त्याच अभंगात बुक्का आणि हारही नाकारलाय, द्रव्य घेणाऱ्यादेणाऱ्यांना तर थेट नरकात धाडलंय. तारखा वर्षभर आधी भरलेल्या महाराजांच्या कीर्तनात हा अभंग मी तरी अजून ऐकलेला नाही.

आषाढी पौर्णिमेला, म्हणजे गुरुपौर्णिमेला, ठिकठिकाणच्या मठांत पाद्यपूजेच्या रांगा लागतात. त्याच दिवशी पंढरपूरजवळ गोपाळपूरला गोपाळकाला असतो. तिथे वारकरी एकमेकांच्या तोंडात दही-लाह्यांचा काला भरवतात, एकमेकांच्या पाया पडतात आणि पालख्या परतीच्या वाटेला लागतात.