शेतातलं टू फेज आणि घरातलं सिंगल फेज: पंप पळतो, मग गिरणी का पळत नाही?

शिमगा झाला की मिरची कांडप आणि पिठाच्या गिरण्यांच्या जळक्या मोटारी आमच्या दुकानात यायला लागतात. झाकण काढलं की वार्निशचा करपट वास, आणि सोबत मालकाचं ठरलेलं वाक्य: "शेतात पाच एचपी टू फेजवर पळायलीय की, मग हे तीन एचपीचं घरी काहून पळंना?" मी अंबाजोगाईत मोटारी भरतो, म्हणजे जळकी गुंडाळी काढून नवी तांब्याची घालतो. या एका वाक्यावर माझं बरंच तांबं खपतं, त्यामुळं तक्रार करायला मला तोंड नाही. पण तेच उत्तर किती वेळा द्यायचं, म्हणून एकदा लिहून टाकतो.

या सगळ्या मोटारी तीन फेजच्या, म्हणजे तीन जिवंत तारांवर चालणाऱ्या. शेतातलं तुम्हाला पाठ आहे. डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एक फ्यूज उडाला की उरलेल्या दोन फेजवर कंडेन्सरचा (कपॅसिटरचा) डबा टाकायचा आणि पाळी संपायच्या आत ऊस भिजवून घ्यायचा. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर तर कधीच बायपास केलेला असतो. त्यावर मी बोलत नाही, बोललं तरी कोणी ऐकत नाही.

आता घरी या. घरातही बोर्डावर दोनच तारा येतात. शेतात दोन, घरात दोन, डबा तोच, मोटर तर उलट लहान. मग अडलं कुठं?

अडलं व्होल्टेजवर. शेतातल्या त्या दोन्ही तारा फेजच्या आहेत. त्यांच्यात मीटर धरला तर 400 ते 415 व्होल्ट दाखवतो. घरातली एक तार फेजची, दुसरी न्यूट्रल, आणि त्यांच्यात 230. मोटारीच्या नेमप्लेटवर 415 लिहिलंय. शेतातल्या मोटारीला तिच्या हक्काचं व्होल्टेज मिळतंय, फक्त तिसऱ्या टोकाला कंडेन्सर हात देतोय. घरातल्या मोटारीला मुळात अर्ध्याहून थोडंसं जास्त मिळतंय, आणि तिसऱ्या टोकाची अडचण वर आहेच.

"टू फेज" या नावानंच सगळा घोळ घातलाय. ते ऐकून माणसाला वाटतं की शेतात दोन आहेत म्हणजे तीनला एकच कमी, घरी एक आहे म्हणजे दोन कमी, मग दोन कंडेन्सर टाकले की झालं. असं खरंच करून आणलेली मोटर मी पाहिली आहे. विजेच्या हिशेबानं दोन तारांत एकच लाट असते, मग त्या शेतातल्या असोत की घरातल्या. दोन्ही सिंगल फेजच. एक 415 ची, दुसरी 230 ची. कंडेन्सर फेज "बनवत" नाही. तो तिसऱ्या टोकाचा करंट लाटेच्या थोडा पुढं सरकवतो, त्यामुळं आतलं चुंबकीय क्षेत्र कसंबसं फिरायला लागतं. व्होल्टेज वाढवून देणं त्याचं काम नाही.

आणि अर्धं व्होल्टेज म्हणजे अर्धा जोर, असा हिशेब धरू नका. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो. 415 च्या जागी 230 दिले तर व्होल्टेज राहतं 55 टक्के, पण जोर राहतो 31 टक्के. तुमची तीन एचपी जेमतेम एक एचपीच्या ताकदीची झाली. म्हणून गिरणी मोकळी असताना पट्ट्याला हात मारला की गरगर फिरते, मालक खूश होतो, आणि पहिलं पायलीभर ज्वारीचं दाणं पडलं की घुं करून बसते. बसलेली मोटर करंट ओढत राहते आणि माझ्याकडं येते.

कंडेन्सरचं मापही इथं घसरतं. डेल्टा जोडणीच्या (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या) मोटारीला 400 व्होल्टवर दर किलोवॅटला वीस-बावीस मायक्रोफॅरॅड लागतात, 230 व्होल्टवर त्याच किलोवॅटला सत्तरच्या आसपास. म्हणजे तिप्पट. शेतातला डबा उचलून घरी आणला तर तो तिथं पुरणारच नाही. बरं, नवा मोठा डबा आणला तरी तो एकाच लोडला बरोबर बसतो, लोड बदललं की तिन्ही गुंडाळ्यांतला करंट पुन्हा वाकडा. पंपाचं लोड पाणी चढलं की तेवढंच राहतं आणि सुरू होताना हलकं असतं, म्हणून पंपाला कंडेन्सर चालतो. गिरणी, कांडप, लेथ यांचं लोड मिनिटामिनिटाला बदलतं. माझं मत सरळ आहे: एक एचपीच्या वर, आणि लोडवर सुरू होणाऱ्या मशीनला, घरच्या लाईनीवर कंडेन्सर लावूच नये.

जाता जाता, शेतात तिन्ही फेज आलेत का ते बघायच्या टेस्टरचं. "तिन्हीवर टेस्टर लागायलाय" हे वाक्य मी पुरावा मानत नाही. वर 11 केव्ही लाईनचा एक डिओ (खांबावरचा लोंबणारा फ्यूज) पडला असेल तर डीपीच्या खालच्या बाजूला एक फेज 230 दाखवतो आणि दोन फेज 115-115. एक बल्ब लख्ख, दोन मिणमिणते. टेस्टर तिन्हीवर लागतो. मीटरनं फेज-फेज मोजलं तर दोन जोड्यांत 345 आणि तिसऱ्या जोडीत चक्क शून्य. मोटर चालू असेल तर मेलेल्या फेजवरही तिच्याच गुंडाळीतून उलटं व्होल्टेज येतं आणि टेस्टर तिथंही पेटतो. साधा मल्टिमीटर घ्या आणि तिन्ही जोड्या मोजा, मोटर बंद ठेवून.

मग घरी तीन फेजची मोटर चालवायची कशी? ड्राइव्हवर. म्हणजे व्हीएफडी, सिंगल फेज आत घेऊन तीन फेज बाहेर देणारा इलेक्ट्रॉनिक डबा. जुनी मोटर नुसती मोकळी फिरवून तिच्यातून तिसरा फेज काढायचा रोटरी कन्व्हर्टर असतो खरा, पण आवाज आणि बिल दोन्ही खातो, आमच्याकडं मी त्याच्या नादी लागत नाही.

पण इथं वरचाच घोळ नव्या कपड्यात परत येतो. ड्राइव्ह तीन फेज देतो हे ऐकून लोक 415 मिळणार असं धरून चालतात. 230 आत घेणारा साधा ड्राइव्ह 230 चेच तीन फेज बाहेर देतो. म्हणून ड्राइव्ह घ्यायच्या आधी मोटारीचं झाकण उघडा. आपल्याकडं तीन एचपीपर्यंतच्या मोटारी बहुतेक स्टारमध्ये असतात, म्हणजे तिन्ही गुंडाळ्यांचं एकेक टोक एका गाठीत बांधलेलं. स्टारमधली मोटर 415 ला एका गुंडाळीवर 240 व्होल्टच घेते. तीच डेल्टात जोडली की 230 वर तिला पूर्ण जोर मिळतो. सहा टोकं बाहेर असतील तर टर्मिनलवरच्या पितळी पट्ट्या फिरवायच्या, दहा मिनिटांचं काम. तीनच टोकं असतील तर स्टारची गाठ आत वाइंडिंगमध्ये बांधलेली असते. ती शोधून, दोरा कापून, तीन टोकं वेगळी काढून, बाही चढवून बाहेर आणावी लागतात. गाठ वार्निशमध्ये बसलेली असते, घाईत ओढली तर तार तुटते. करंटही बदलतो: नेमप्लेटवर 4.7 अँपिअर असेल तर डेल्टात 8.1 होतात, ड्राइव्हमध्ये तोच आकडा टाकायचा.

पाच एचपी आणि वरच्या मोटारी मात्र 415 वर डेल्टातच असतात. त्यांच्यापुढं पट्ट्या फिरवायला काही उरलेलंच नाही. 230 च्या ड्राइव्हवर त्या 28 हर्ट्झपर्यंतच पूर्ण जोर देतात, म्हणजे 1440 ची मोटर पावणेआठशे फेऱ्यांच्या आसपास. पुली बदलून कोणी तेवढ्यावर भागवतं. मी म्हणतो, त्यापेक्षा तीन एचपीची मोटर शोधा किंवा तीन फेजचं कनेक्शन मागा. शेतीच्या कनेक्शनवरून गिरणी ओढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, वीज कायदा 2003 च्या कलम 126 मध्ये तो अनधिकृत वापर आहे.

तीन एचपी ड्राइव्ह घरच्या लाईनीतून पूर्ण लोडवर वीस अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. तेवढ्याला चार स्क्वेअर मिलिमीटरची तार हवी. संध्याकाळी व्होल्टेज फार उतरलं की तो ट्रिप होऊ शकतो, त्यात ड्राइव्हचा दोष नाही.

उलटी चूकही होते. एका गिऱ्हाइकानं घरचा ड्राइव्ह कडबा कुट्टीसाठी शेतात नेला आणि दोन तारा बघून टू फेजवरच जोडला. 230 च्या ड्राइव्हला 415. आवाज बांधापलीकडं ऐकू गेला म्हणे.

आणि वाळूज एमआयडीसीतून भंगारात लेथ आणणाऱ्या पोरांनो, तुमच्या लेथवरचा पुढं-मागं फिरवायचा ड्रम स्विच ड्राइव्ह आणि मोटारीच्या मध्ये ठेवू नका. चालू मोटारीत तो फिरवला की ड्राइव्हचा आउटपुट जातो. रिव्हर्स ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरून घ्या. मोटर आधी कंडेन्सरवर चालली असेल तर टर्मिनल बॉक्सच्या मागं एखादा कंडेन्सर चिकटपट्टीनं बांधलेला असतो, तो ड्राइव्ह लावायच्या आधी काढा. मागच्या महिन्यात एकानं काढला नव्हता. नवा ड्राइव्ह, स्टिकरसुद्धा न निघालेला, पहिल्याच स्टार्टला गेला.