डोप की लॅकर? मॉडेल विमानाच्या कव्हरिंगची पार्श्वभूमी

ठाण्यात रंगाच्या दुकानात ‘डोप’ मागितलं, तर हाती बहुधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकरचा डबा येतो. घरी मॉडेल विमानं बांधणारे बरेच जण त्यालाच डोप म्हणतात. कव्हरिंग, म्हणजे पंखाच्या सांगाड्यावर चढवलेला टिश्यू कागद, सैल पडण्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ या नावात आहे.

विमानांच्या पंखांवर कापड असे, त्या काळी ते ताणून हवाबंद करणाऱ्या सेल्युलोजच्या द्रावणाला डोप म्हणत. वाळताना आकसणं हेच त्याचं काम. फर्निचरच्या लॅकरमध्येही नायट्रोसेल्युलोजच असतं, पण थर आकसून तडकू नये म्हणून त्यात रेझिन आणि थर लवचीक ठेवणारं प्लास्टिसायझर घातलेलं असतं. म्हणजे लॅकर कागदाची छिद्रं बुजवतं, कागद ताणत नाही. सँडिंग सीलर हा तिसराच प्रकार. त्यातल्या झिंक स्टिअरेटमुळे पॉलिश पेपर छान चालतो, म्हणून तो बाल्साच्या लाकडाला ठीक; कागदावर त्याचं नुसतं वजन होतं. डब्यात काय आहे ते कळायला आइसक्रीमच्या काड्यांच्या चौकटीवर टिश्यू किंचित ढिला चिकटवून एक हात द्यावा. दुसऱ्या दिवशी कागद ढोलकीसारखा वाजला तर डोप, ढिलाच राहिला तर लॅकर.

लॅकर वाईट नाही, फक्त ताण आधी पाण्याने द्यावा लागतो. कागदाचे तंतू पंखाच्या लांबीत ठेवून कडा पाणी घातलेल्या फेविकॉलने चिकटवायच्या, त्या वाळल्या की पाण्याचा अगदी बारीक फवारा मारायचा आणि पंख सपाट फळीवर टाचून पूर्ण वाळू द्यायचा. इथे घाई केली की पंख पिळतो आणि तो पीळ उडताना नडतो. मग लॅकर आणि थिनर 1:1 करून 3 पातळ हात. खऱ्या डोपमध्ये एरंडेलाचे चार-पाच थेंब टाकतात, म्हणजे तो महिनोन्‌महिने आकसत राहत नाही. लॅकरला त्याची गरज नाही. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर पांढरा पडतो. त्यावर रिटार्डर (सावकाश उडणारं) थिनर घालणं किंवा कोरड्या दिवसाची वाट पाहणं, एवढेच उपाय. वाफ पेट घेते, म्हणून हे काम गॅस आणि समईपासून दूर, गॅलरीत.

1991 पूर्वी आयातीवर बंधनं होती, तेव्हा लॅकरवर भागवणं समजण्यासारखं होतं. मात्र ग्लो इंजिनाच्या (मॉडेल विमानाच्या छोट्या इंजिनाच्या) इंधनातलं मेथनॉल लॅकर विरघळवत असे, आणि इस्त्रीने चिकटणारी प्लास्टिकची फिल्म मिळू लागल्यावर बहुतेकांनी कागद सोडला. फिल्म साधारण 100 अंशांवर चिकटते, 140 च्या आसपास ताणली जाते. पण भर पावसाळ्यात ओलसर बाल्सावर फिल्म लावली, तर ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड आकसतं आणि फिल्मला सुरकुत्या पडतात. दोष इस्त्रीचा नसतो.

पुढे लिथियम बॅटरीवरच्या मोटरी आल्या आणि इंधनाचा प्रश्नच संपला. म्हणजे लॅकरविरुद्धचं सर्वात मोठं कारण गेलं, तरी फिल्मची सवय राहिली. मार्च 2018 मध्ये राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा मखराच्या तक्त्यांतून पंख कापणारे सनबोर्डकडे (फोमच्या कडक तक्त्यांकडे) वळले. 2021 च्या ड्रोन नियमांनी 250 ग्रॅमपर्यंतचा सर्वात हलका गट ठरवला. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे उलवे-पनवेल पट्ट्यात बाहेर पडण्याआधी हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणं भाग आहे.

विमान 250 ग्रॅमच्या आत बसवायचं, तर कव्हरिंगचा प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो. 80 सेंटीमीटर लांब, 12.5 रुंद पंखाच्या दोन्ही बाजू मिळून 0.2 चौरस मीटर होतात. चौरस मीटरला 60 ग्रॅमची फिल्म लावली तर 12 ग्रॅम. टिश्यू आणि पातळ लॅकर मिळून साधारण निम्मे. दुरुस्तीही सोपी: फाटलेला भाग गोलसर कापून काढायचा, 4 मिलिमीटर कड जास्त ठेवून त्याच दिशेच्या तंतूंचा तुकडा पातळ लॅकरने बसवायचा, वाळल्यावर मधोमध हलका फवारा मारायचा आणि मग एकच हात द्यायचा.